टाकीतला पावसाळा

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण, सर्जेकोट, देवगडच्या बोटी किनाऱ्याला विसावतात. माणसं जाळी विणतात, मेस्त्री इंजिनं उघडतात. अर्धवट भरलेल्या डिझेलच्या टाकीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

डिझेलच्या वरच्या मोकळ्या जागेत आषाढातली दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की त्याला आतून दव धरतं आणि थेंब खाली ओघळतात. डिझेलची घनता ०.८३च्या आसपास, पाण्याची १. त्यामुळे पाणी थेट तळाशी. एका रात्रीचं दव चमचाभरही नसतं. पाणी शिरण्याची त्याहून मोठी वाट म्हणजे डेकवरच्या झाकणाचा झिजलेला वॉशर आणि उघड्यावर उभा ठेवलेला २०० लिटरचा ड्रम. पावसाचं पाणी ड्रमच्या कडेच्या आत साचतं. उन्हात आतली हवा फुगून बुचातून बाहेर पडते. गारठा आला की तोच ड्रम साचलेलं पाणी आत ओढतो. म्हणून ड्रम छपराखाली आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं एका पातळीत.

ऑगस्टमध्ये इंजिन जेटीला बिनतक्रार सुरू होतं. खाडीबाहेर लाटा बसू लागल्या की टाकी ढवळते, तळाचं पाणी पाइपात शिरतं आणि इंजिन गचके खाऊन थांबतं. मालवणच्या खडकाळ समुद्रात बंद इंजिनाची बोट ही ती चालवणाऱ्या तांडेलाची खरी परीक्षा.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. इंजेक्शन पंपाच्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते आणि त्यांना वंगण असतं डिझेलचंच. पाणी आलं की ते घासतात, गंजतात. नोझलमध्ये पाण्याची एकदम वाफ होऊन टोक फुटू शकतं. शिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांचा काळा गाळ फिल्टर तुंबवतो. विमानांच्या टाक्यांनाही हीच बुरशी छळते.

उपाय साधे आहेत. बंदीपूर्वी टाकी काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करून पुसावी. टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा. रोज इंजिन सुरू करण्याआधी या फिल्टरच्या तळाची तोटी सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्यावं; तळाशी पाणी दिसलं तर निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहावं. फिल्टर बदलला की हातपंपाने हवा काढावी, नाहीतर इंजिन हवा घेतं. सुटा फिल्टर बोटीवर असावाच.

नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि पाण्याची गय आणखी कमी होते. त्यामुळे अशा अनेक इंजिनांच्या फिल्टरमध्ये पाणी साचलं की दिवा लावणारा सेन्सर असतो.