उरणची लोकल

उरणजवळचं जेएनपीटीचं बंदर 1989 साली सुरू झालं. त्याचे कंटेनर रेल्वेनं देशभर जाऊ लागले. उरणच्या माणसाला मात्र पहिल्या लोकलसाठी 12 जानेवारी 2024 उजाडावा लागला. तोवर त्याच्यापुढे दोनच वाटा. एक मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच, पण ओहोटीला बंदरात गाळ उघडा पडला की भरतीची वाट बघत बसायचं. दुसरी रस्त्याची, कंटेनरच्या ट्रेलरांमागे रखडत जाणारी बस.

नेरूळ आणि बेलापूर अशा दोन टोकांनी निघून पुढे एक होणारा, जेमतेम 27 किलोमीटरचा हा मार्ग 1990च्या दशकात मंजूर झाला. खारकोपरपर्यंत गाडी धावली ती नोव्हेंबर 2018मध्ये. पुढचे चौदा-एक किलोमीटर व्हायला आणखी पाच वर्षं गेली. दरम्यान खर्च कित्येक पटींनी वाढला, हे वेगळं सांगायला नको.

इतका उशीर का? खारफुटी आणि वनखात्याच्या परवानग्या हे एक उत्तर, आणि ते खरंही आहे. खाडीची जमीनही सोपी नव्हे. मऊ चिखलावर नुसता भराव टाकला तर तो वर्षानुवर्षं खचत राहतो. म्हणून अशा जमिनीत उभ्या निचरापट्ट्या खोल खोवतात आणि वर मातीचं ओझं ठेवतात. त्या दाबानं चिखलातलं पाणी पट्ट्यांवाटे वर येऊन निघून जातं, जमीन बसते आणि मग रूळ टाकता येतात. यात महिने जातात. पण पंचवीस-तीस वर्षं चिखलामुळे गेली, असं मला वाटत नाही.

खरी गोम पैशाच्या रचनेत आहे. मानखुर्दहून वाशीला येणारी लोकल 1992मध्ये सुरू झाली तीच मुळी सिडको 67 टक्के आणि रेल्वे 33 टक्के या वाटणीवर. उरणलाही तीच वाटणी. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्याचा पैसा भूखंडांच्या विक्रीतून येतो. स्टेशन येणार म्हणून भाव चढायचा आणि त्या भावातून स्टेशन बांधायचं. हिशेब चोख, फक्त जमीन आधी ताब्यात हवी.

आणि जमीन मागायची कुठे, तर उरण तालुक्यात! सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाचजण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातूनच आली. तिचं वाटप रखडलेलं असताना त्याच गावांत रेल्वेची मोजणी करायला गेलेल्या माणसाला ‘आधीचं काय झालं?’ असं विचारलं जाणारच. यात गावकऱ्यांचा आडमुठेपणा शोधणं सोयीचं आहे, पण जुनं देणं थकलं असताना नवं मागायला आलेल्याला कोण चहा पाजतो?

ही धुसफूस स्टेशनांच्या पाट्यांपर्यंत पोचली. गावाची जमीन गेली, निदान नाव तरी गावाचं लावा, हा आग्रह. रांजणपाडा ठरलेल्या स्टेशनाचं शेमटीखार झालं ते अशाच रेट्यातून. बोकडविऱ्याच्या लोकांनाही आपल्या स्टेशनाचं द्रोणागिरी हे नाव रुचलं नाही.

गाडी सुरू झाल्यावर तक्रारी बदलल्या. सुरुवातीला जवळपास तासाला एक लोकल, म्हणजे एक चुकली की ऑफिसात लेटमार्क ठरलेला. शिवाय सीएसएमटीला थेट गाडी नाही, नेरूळला किंवा बेलापूरला उतरून बदलायची. तरी आता उरणकर फेऱ्या वाढवा म्हणून भांडतात, म्हणजे बाकीच्या मुंबईसारखेच भांडतात.