कोवळ्या धंद्याला सरकारचा आधार : अमेरिकेचा १७९१ सालचा धडा

सरकारने कारखानदारीला मदत करावी की धंदा बाजारावर सोडून द्यावा, हा वाद आपल्याकडे दर बजेटच्या वेळी निघतो. बाहेरचा माल स्वस्तात उतरू लागला की कारागीर म्हणतो, आयातकर वाढवा. तोच माल विकणारा व्यापारी म्हणतो, वाढवू नका, गिऱ्हाईक तुटेल. दोघेही आमचेच वाचक आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या वादाची सर्वांत नीट मांडणी जिथे झाली, तिथली हकिकत आज सांगावी असे आम्हांला वाटते.

अमेरिकेने १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि १७८३ च्या तहाने ते पक्के झाले. राज्य आपले झाले, पण बाजार इंग्लंडच्याच ताब्यात राहिला. चांगले कापड आणि लोखंडी सामान बरेचसे तिकडूनच येई. जानेवारी १७९० मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना विचारले की, देशात कारखाने वाढवायचे कसे? हॅमिल्टन यांनी लहान वयात कॅरिबियन बेटावरच्या एका पेढीत कारकुनी केलेली होती. व्यापार त्यांनी जवळून पाहिला होता. ५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांनी आपला अहवाल सादर केला.

विरोधकांचे म्हणणे सरळ होते. देशात जमीन मुबलक, मजूर थोडे, मजुरी महाग, भांडवल अपुरे. मग शेती करावी, धान्य विकावे आणि कापड विकत घ्यावे. हॅमिल्टन यांनी उत्तर दिले की, सगळ्या देशांनी दरवाजे उघडे ठेवले असते तर हे म्हणणे पटण्यासारखे होते. पण ते तसे ठेवत नाहीत. शिवाय जुन्या देशांतील कारखानदारांपाशी वर्षानुवर्षांचा सराव आहे, यंत्रे आहेत, आणि त्यांची सरकारे त्यांना पैशाची मदतही देतात. आज दुकान मांडलेल्या माणसाने तीस वर्षे जम बसलेल्या पेढीशी पहिल्याच दिवशी भावात टक्कर द्यावी, असे म्हणण्यासारखेच ते आहे. आणि कारखाने उभे राहिले तर शेतकऱ्याच्या मालालाही घराजवळ गिऱ्हाईक मिळेल.

पुष्कळांचा समज असा की हॅमिल्टन यांनी फक्त आयातकर मागितला. तसे नाही. त्यांनी एकूण अकरा उपाय सांगितले. त्यांत नव्या धंद्याला थेट रोख मदत देणे त्यांना अधिक पसंत होते. कारण आयातकराने बाजारात भाव चढतो आणि त्याचा भार गिऱ्हाइकावर पडतो; रोख मदतीने तसे होत नाही. कच्च्या मालावरचा कर काढावा, हा दुसरा उपाय. त्या वेळी बाहेरून येणाऱ्या कापसावर पौंडामागे तीन सेंट कर होता. तो गिरण्यांच्या वाटेतली मोठी अडचण आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. याखेरीज मालाच्या दर्जाची तपासणी, रस्ते व कालवे, नव्या शोधांना उत्तेजन आणि परदेशी कारागिरांना आणण्याचा प्रवासखर्च, हेही त्यांनी सुचवले.

मात्र त्यांनी एक अट घातली, ती विसरली जाते. नव्या धंद्याला मदत योग्य आणि गरजेची. पण धंदा जुना झाल्यावरही ती चालू ठेवावी लागत असेल, तर त्या धंद्यातच काही नैसर्गिक अडचण आहे असा संशय घ्यावा.

पुढे काय झाले? कारखान्यांना रोख मदत द्यायला संसद तयार झाली नाही. जेफरसन आणि मॅडिसन यांचा विरोध होता. आयातकराच्या बऱ्याच सूचना मात्र १७९२ मध्ये मान्य झाल्या. हॅमिल्टन यांच्या पाठिंब्याने न्यू जर्सीत पॅसेइक नदीच्या धबधब्यापाशी पॅटरसन हे कारखान्यांचे गाव वसवण्यासाठी कंपनी निघाली. पण तिचा प्रमुख विल्यम ड्यूअर सट्ट्यात बुडून १७९२ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला, आणि १७९६ मध्ये गिरणी बंद पडली. उलट सॅम्युअल स्लेटर हा इंग्लंडचा कसबी माणूस १७८९ मध्ये आपली ओळख लपवून अमेरिकेत आला, कारण इंग्लंडने कारागिरांना बाहेर जाण्याची बंदी केली होती. यंत्राची रचना त्याच्या डोक्यात होती. १७९० मध्ये पॉटकेट येथे त्याने पाण्यावर चालणारे सूतयंत्र सुरू केले आणि ते टिकले. सरकारी सनद आणि भांडवल जिथे हरले, तिथे हातातले कसब तरले.

या हकिकतीला आपल्याशी जोडणारा एक दुवा आहे. १८१६ च्या अमेरिकन कायद्याने वाराला पंचवीस सेंटपेक्षा स्वस्त असलेले सुती कापडही पंचवीस सेंटचेच धरून त्यावर शेकडा २५ कर बसवला. त्याचा मोठा फटका हिंदुस्थानच्या हातमागाच्या स्वस्त कापडाला बसला. त्यांच्या गिरणीचे संरक्षण ते आमच्या विणकराचे नुकसान ठरले. पुढे १८९६ पासून इंग्रज सरकारने मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के कर लावला, लँकेशायरला झळ लागू नये म्हणून. सरकारची ताकद कोवळ्या धंद्याच्या पाठीशीही राहू शकते आणि छातीवरही बसू शकते, हे आपण दोन्हीकडून पाहिलेले आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हेच बजावले होते की, इंग्लंडला सोयीचे अर्थशास्त्र सगळ्या देशांना जसेच्या तसे लागू पडत नाही.

तेव्हा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याने किंवा कोणत्याही कारागिराने सरकारकडे मागणी नेताना केवळ ‘बाहेरचा माल बंद करा’ एवढेच म्हणू नये, असे आम्ही सुचवू. सूत आणि इतर कच्चा माल स्वस्त मिळावा, नव्या यंत्राला कर्ज मिळावे, मुलांना कसब शिकवण्याची सोय व्हावी, असे नेमके मागावे. आणि ही मदत किती वर्षे हवी तेही सांगावे. मुदत सांगून मागणाऱ्याचा अर्ज लाचारीचा राहत नाही, तो हिशेबाचा होतो. आणि हिशेब व्यापाऱ्यालाही पटतो.