डबीतली हवा

नाण्यांचा अल्बम उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला, तर नाकानं आपलं काम चोख बजावलं म्हणायचं. पीव्हीसी लवचिक व्हावं म्हणून त्यात मिसळलेली तेलकट रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात, हा त्यांचा वास. शिवाय पीव्हीसी जुनं होत जातं तसं त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. मग काही वर्षांनी तांब्याच्या नाण्यावर, तांबं मिसळलेल्या चांदीच्या रुपयावरसुद्धा, हिरवट चिकट थर धरतो. शुद्ध ॲसिटोननं तो निघतो. त्याखाली धातूला पडलेले बारीक खड्डे मात्र बुजत नाहीत.

नाशिकजवळ जोगळटेंभी इथं १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. जेत्याच्या ठशाखाली हरलेल्याचा चेहरा अजून ओळखू येतो, आणि तोही सुमारे अठराशे वर्षं जमिनीत काढून! माती नेहमीच इतकी दयाळू असते असं नाही. पण हौसेनं विकत आणलेलं प्लास्टिकचं पाकीट पुष्कळदा तिच्याहून वाईट निघतं.

कुठली वस्तू धातूला बाधते हे ओळखायची एक साधी परीक्षा ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडली. प्रदर्शनाच्या कपाटात वापरायचं कापड, लाकूड किंवा रंग, यांचा तुकडा काचेच्या बंद भांड्यात थोड्या पाण्यासोबत ठेवायचा. शेजारी चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या. ६० अंश सेल्सियसला २८ दिवस. वस्तूतून वाईट वाफ निघत असेल, तर पट्ट्या डागाळून चहाडी करतात. चांदी गंधकाची, शिसं सेंद्रिय आम्लांची, तर तांबं क्लोराइडसारख्या इतर उपद्रवांची.

गंधक घरात कुठे असतं? रबरबँडमध्ये आणि लोकरी कापडात. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे राणीछाप रुपये लोकरी बटव्यात गुंडाळून रबर लावून ठेवले, तर वर्षभरात ते काळवंडतात. मग चिंच किंवा राखेनं घासून लख्ख केले जातात. काळा थर चांदीच्याच सल्फाइडचा असतो, म्हणजे घासताना निघते ती चांदीच. दरसालच्या या अभ्यंगानं राणीच्या केसांची वळणं आधी जातात, आणि त्यांच्यासोबत संग्राहक मोजायला तयार असलेली किंमतही.

शिशाची गोष्ट वेगळी, आणि ती महाराष्ट्राच्या खास जवळची. सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. ती जपायला लाकडी खणांचं कपाट शोभून दिसतं, पण लाकडातून, विशेषतः ओकमधून, ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. प्लायवुडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होऊ शकतं. ॲसेटिक आम्लानं शिशाचं ॲसिटेट होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं पांढरं कार्बोनेट करतो, आणि आम्ल पुन्हा मोकळं होतं. विरजणासारखंच: चमचाभर पुरतं, पुढचं काम आपोआप. दोन हजार वर्षांचं नाणं अशा बंद खणात पांढऱ्या भुकटीत जाऊ शकतं.

तांब्याच्या शिवराईवर असाच प्रकार फिकट हिरव्या, पुडीसारख्या ठिपक्यांनी सुरू होतो. धातूत दडलेल्या क्लोराइडला ओलावा मिळाला की आम्ल तयार होतं, ते ताजं तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. जुन्या नाण्याचा घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हा रोग नव्हे. तो नाण्याचं कवच आहे, खरवडू नये. भुकटी झडत असलेलं नाणं मात्र लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून जाणकाराला दाखवावं. तोवर हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली, तर हे चक्र बरंचसं थंडावतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली हवा ८० टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा नुसतं कपाट बंद करून भागत नाही.

पॉलिएस्टरची पाकिटं किंवा कडक ॲक्रिलिकच्या कॅप्सूल, त्या झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, आणि सोबत सिलिका जेल, एवढी व्यवस्था घरी जमते. पाकीट संशयास्पद वाटलं तर तांब्याची तार तापवून त्याच्या तुकड्याला टेकवावी आणि उघड्या हवेत ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे. नाणं नेहमी कडेनं धरावं. बोटाच्या घामातलं मीठ आधी दिसत नाही, पण काही महिन्यांनी अंगठ्याचा ठसा राजाच्या गालावर उमटतो.

सिलिका जेलचे निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात, पण त्यांच्या रंगात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. नारिंगी दाणे बरे. मेअखेर ते हलक्या आचेवर तापवून पुन्हा कोरडे करून घ्यावेत, स्वयंपाकाची कढई सोडून दुसऱ्या कुठल्याही भांड्यात.