ब्रेक लावताना गाडी का थरथरते?
भाजीपाला घेऊन महामार्गाने बाजारपेठेकडे निघालेली पिक-अप गाडी ताशी 80 किलोमीटर वेगात ब्रेक दाबताच थरथरू लागली, तर तिकडे दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे. ब्रेक न लावताही थरथर जाणवत असेल, तर दोष बहुधा टायरात वा चाकांच्या समतोलात असतो. ब्रेक लावल्यावरच ती जाणवल्यास संशय ब्रेकवर घ्यावा. स्टिअरिंग हलत असल्यास प्रायः पुढील डिस्क, बैठक हादरत असल्यास मागील ड्रम सदोष असतो.

डिस्क तापून वाकली, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. वस्तुतः बहुतेक वेळा तिची जाडी सर्वत्र सारखी उरलेली नसते, 0.02 मिलिमीटरचा फरकही पॅडला मागेपुढे ढकलण्यास पुरतो. याचे मूळ पुष्कळदा चाक बसविण्यातच असते. हबवरील गंज न खरवडता डिस्क बसविली किंवा नट कमीअधिक आवळले, की ती किंचित तिरपी फिरते व हळूहळू असमान झिजते. यास्तव नट समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने आवळावेत. नुसते पॅड बदलून हा दोष जात नाही. बेअरिंग सैल नसल्याची खात्री करून डिस्क लेथवर सपाट करून घेता येते. मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीहून ती पातळ होणार असेल, तर दोन्ही चाकांच्या डिस्क पॅडसह बदलाव्यात.