पनीर टिकवायला लवंग

पनीर बिघडायला लागते ते वरून. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहिले की पृष्ठभाग बुळबुळीत होतो, कडा पिवळट पडतात, आंबूस वास येतो. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी आणि आम्लता बेताची. जिवाणू आणि बुरशीला एवढे पुरते.

यावर उपाय शोधताना संशोधकांचे लक्ष मसाल्याच्या डब्याकडे गेले. लवंगेतले युजेनॉल जिवाणूच्या पेशीपटलात घुसते. पटल सैल होते आणि आतले क्षार बाहेर झिरपतात. ओव्यातल्या थायमॉलचे कामही असेच चालते.

खरी अडचण पुढे येते. प्रयोगशाळेच्या बशीत जोमदार ठरलेला अर्क पनीरमध्ये हमखास कमी पडतो. स्निग्धांश त्याला आपल्यात ओढून घेतो, प्रथिनेही त्याला बांधून ठेवतात आणि जिवाणू वाढत राहतात ते पाणीदार भागात. मात्रा वाढवावी, तर मटार-पनीरला लवंगेचा दर्प! म्हणून अर्क सगळ्या पनीरमध्ये मिसळण्याऐवजी खाण्याजोग्या पातळ लेपातून फक्त वरून लावणे अधिक शहाणपणाचे वाटते. बिघाडाची सुरुवात तिथेच तर होते.

तुपाचे वेगळे. त्यात पाणी जवळजवळ नसतेच. त्याला खवट करतो तो हवेतला ऑक्सिजन. लोणी कढवताना विड्याचे पान टाकण्याची आपल्याकडची रीत इथे कामी येते, कारण पानातली फिनॉल वर्गातली संयुगे ही क्रिया लांबवतात. युरोपीय संघात याच कामासाठी रोझमेरीच्या अर्काला ‘ई ३९२’ या क्रमांकाने मान्यता आहे.