दोन वैद्य आणि एक वनस्पती

घरात कोणी आजारी पडले म्हणजे वैद्याला बोलावणे जाते. वैद्य आला, की रोग्याला आणि त्याच्या आप्तांना धीर येतो. ‘आता काळजी नको, यांना सर्व काही ठाऊक आहे,’ असे त्यांना वाटते. परंतु वैद्य हाही मनुष्यच आहे. त्याचे एकही औषध ज्याला लागू पडत नाही, असा रोगी केव्हातरी त्याच्यापुढे येतोच. अशा वेळी त्याने काय करावे? आपले अज्ञान झाकून तोच उपचार पुढे चालू ठेवावा, की दुसऱ्या जाणत्या वैद्याला विचारावे?

हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या देशातील चरकसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, याचा विस्ताराने विचार केलेला आहे. एकाच विद्येच्या जाणकारांमधील अशा चर्चेला तेथे ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटले आहे. युरोपातही अवघड दुखण्यात दुसऱ्या वैद्याला रोग्याच्या घरी बोलावून त्याचे मत घेण्याची रीत होती. १७७६ साली इंग्लंडमध्ये घडलेली अशीच एक भेट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

त्या काळी वैद्याजवळ साधने फारच थोडी होती. छातीतील आवाज ऐकण्याची नळी पॅरिसमधील लाएनेक या वैद्याने १८१६ साली शोधून काढली. ती अद्याप व्हावयाची होती. शरीराच्या आतील भाग दाखविणारे क्ष-किरण तर आणखी सुमारे एकशे वीस वर्षे दूर होते. वैद्याने रोग्याची नाडी पाहावी, श्वासाकडे लक्ष द्यावे, कातडीचा रंग न्याहाळावा, भूक, झोप, लघवी यांची चौकशी करावी आणि एवढ्यावरून अनुमान बांधावे. अशा स्थितीत दुसऱ्या वैद्याचे डोळे आणि त्याचा अनुभव हेच मोठे साधन ठरत असे.

लिचफील्ड या गावी त्या वेळी डॉ. इरॅस्मस डार्विन हे नामांकित वैद्य राहत होते. पुढे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा. १७७६ सालच्या जुलै महिन्यात त्यांच्याकडे चाळीस ते पन्नास वर्षे वयाची एक स्त्री उपचार घेत होती. तिची अवस्था मोठी बिकट झाली होती. पाय, मांड्या आणि पोट फार सुजले होते. श्वास इतका कोंडत असे, की तिला अंथरुणावर आडवेही होता येत नव्हते. हात थंडगार पडले होते, नाडी क्षीण आणि अनियमित चालत होती, तहान अनावर झाली होती. लघवी मात्र चमचाभरच आणि तीही क्वचित होई. अंगात पाणी साठण्याच्या या दुखण्याला इंग्लंडमध्ये ‘ड्रॉप्सी’ म्हणत. पायांना छेद देऊन पाणी वाहू द्यावे, अशी एक सूचना पुढे आली होती. पण ती मान्य झाली नाही. इतर उपायांनीही फारसा आराम पडला नव्हता.

तेव्हा डार्विन यांनी डॉ. विल्यम विदरिंग यांचे मत घेण्याचे ठरविले. विदरिंग हे डार्विन यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. डार्विन यांच्याच सूचनेवरून ते आदल्या वर्षी बर्मिंगहॅम शहरात व्यवसायासाठी आले होते. आपणच ज्याला वाट दाखविली, अशा धाकट्या वैद्याचा सल्ला मागण्यात डार्विन यांना कमीपणा वाटला नाही. विदरिंग यांना वनस्पतिशास्त्राचीही मोठी आवड होती आणि ही आवडच या प्रसंगी कामी येणार होती.

झाले होते असे, की १७७५ साली कोणीतरी विदरिंग यांच्याकडे एक घरगुती काढा आणून त्याविषयी त्यांचे मत विचारले होते. श्रॉपशर परगण्यातील एक वृद्ध स्त्री हा काढा देत असे आणि त्याची कृती तिने पुष्कळ दिवस गुप्त ठेवली होती. मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकलेले सुजेचे रोगीही तिच्या काढ्याने कधी कधी बरे होत. काढ्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. ‘हा तर अडाणी बाईचा उपाय,’ असे म्हणून विदरिंग यांनी तो बाजूला सारला नाही. खरा गुण फॉक्सग्लोव्ह या एकाच वनस्पतीत असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. फॉक्सग्लोव्हची जांभळी फुले शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दिसतात. म्हणूनच तिचे शास्त्रीय नाव ‘डिजिटॅलिस’ हे बोट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. ही वनस्पती विषारी आहे. प्रमाण थोडेसे चुकले, तरी ती प्राण वाचविण्याऐवजी प्राण घेते.

रोग्याच्या घरी पोहोचल्यावर विदरिंग यांनी तिला नीट तपासले. आता डिजिटॅलिसखेरीज दुसरा उपाय उरला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तरी ते बोलण्यास कचरले. रोगी मरणाच्या दारी आहे. औषध देऊनही ती दगावली, तर लोक औषधालाच दोष देतील आणि पुढे ज्या असंख्य रोग्यांना त्याचा उपयोग होईल, तेही त्याला मुकतील. शिवाय कोणत्याही मान्यवर वैद्याने न वापरलेले औषध दिल्याबद्दल स्वतःवरही ठपका येईल. परंतु समोर एक मनुष्य गुदमरत असता हे विचार फार वेळ टिकले नाहीत. त्यांनी आपले मत मोकळेपणाने सांगितले.

डार्विन यांनी ते तत्काळ मान्य केले. हे औषध कोणाला दिलेले त्यांनी पूर्वी कधीच पाहिले नव्हते. म्हणून ते कसे तयार करावे आणि किती द्यावे, हे सारे त्यांनी विदरिंग यांच्यावर सोपविले. ताज्या पानांचा काढा करण्यात आला. रोग्याने त्याचे पाच घोट घेतले. तिला फार मळमळले. पण पहिल्या चोवीस तासांतच सात लिटरांहून अधिक लघवी झाली. छातीपोटावरचे दडपण हलके झाले, श्वास मोकळा झाला, नाडी भरदार आणि नियमित चालू लागली आणि पायांची सूज उतरली.

हे घडले कसे? सूज हा स्वतंत्र रोग नसून पुष्कळदा ते दुर्बळ हृदयाचे लक्षण असते. हृदयाला रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलता आले नाही, म्हणजे रक्तातील पाणी झिरपून पाय, पोट आणि फुप्फुसे यांत साठते. डिजिटॅलिसने हृदयाचे आकुंचन अधिक जोरदार होते आणि त्याचे ठोके संथ पडतात. मग मूत्रपिंडांकडे अधिक रक्त जाते आणि साठलेले पाणी लघवीवाटे बाहेर पडते. ही सर्व उपपत्ती त्या दोन्ही वैद्यांना ठाऊक नव्हती. तथापि या वनस्पतीचा हृदयाच्या गतीवर विलक्षण परिणाम होतो, हे विदरिंग यांनी पुढे नोंदवून ठेवले.

या कथेला एक खेदाची बाजूही आहे. डार्विन यांचा वैद्यक शिकणारा मुलगा १७७८ साली मरण पावला. त्याचा निबंध त्यांनी १७८० साली प्रसिद्ध केला आणि फॉक्सग्लोव्हने उपचार केलेल्या काही रोग्यांची हकीकत त्याला जोडली. त्यात या स्त्रीची हकीकत होती. मात्र विदरिंग यांचे नाव नव्हते. सल्ला मागताना ज्या डार्विन यांनी एवढे मोठे मन दाखविले, त्यांना श्रेय देताना ते दाखविता आले नाही. दोघांमधील स्नेह पुढे तुटला, तो कायमचाच.

विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्हविषयी स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दहा वर्षांतील दीडशेहून अधिक रोग्यांच्या नोंदी दिल्या. केवळ बरे झालेले रोगी निवडले असते, तर औषधाची कीर्ती अधिक वाढली असती. पण औषध लागू पडले नाही ते रोगी आणि आरंभी मात्रा जास्त झाल्याने ज्यांना त्रास झाला ते रोगी, हेही त्यांनी वगळले नाहीत. पाने केव्हा तोडावीत, ती कशी वाळवावीत, मात्रा किती असावी आणि औषध केव्हा थांबवावे, हेही त्यांनी लिहिले. हे औषध आपल्याला श्रॉपशरच्या वृद्ध स्त्रीच्या काढ्यावरून सापडले, असे त्यांनी ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. मात्र तिचे नाव त्यांनी दिलेले नाही.

१९३० साली फॉक्सग्लोव्हच्याच एका जातीपासून ‘डिगॉक्सिन’ हे शुद्ध औषध वेगळे काढण्यात आले. हृदयाच्या काही विकारांत आजही डॉक्टर ते काटेकोर प्रमाणात देतात. खेड्यातील एका चुलीवर उकळणारा काढा असा जगभरच्या रुग्णालयांपर्यंत येऊन पोहोचला. वृद्ध स्त्रीने आपले गुपित कोणालाच कळू दिले नसते, विदरिंग यांनी ते तुच्छ मानले असते, किंवा डार्विन यांना ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणण्याची लाज वाटली असती, तर त्या जुलै महिन्यात ती गुदमरणारी स्त्री वाचली नसती.