यंत्रं बेस्टची, तपासणी टपालाची

आइंडहोवनहून उत्तरेला निघालेली आगगाडी दहाएक मिनिटांत बेस्टला पोचते. स्टेशन जमिनीखाली आहे, त्यामुळे डुलकी लागली तर गाव कधी आलं आणि कधी गेलं ते कळतही नाही. तीसेक हजार वस्तीचं हे गाव एकेकाळी लाकडी जोडे घडवणाऱ्यांचं होतं. आता तिथे फिलिप्स कंपनीच्या वैद्यकीय यंत्रांचा मोठा कारखाना आहे. १८९१ मध्ये आइंडहोवनला विजेचे दिवे करण्यासाठी निघालेली ही कंपनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्ष-किरणांच्या नळ्या दुरुस्त करू लागली. जर्मनीकडून नव्या नळ्या येणं थांबलं होतं, आणि काचेची नळी निर्वात करण्याची कला दिवेवाल्यांच्या हातात होतीच. आज एमआरआय यंत्रं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करताना लागणारी क्ष-किरण यंत्रं बेस्टहून जगभर जातात. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतही त्या कंपनीचं नाव दिसतं. मात्र बेस्टमधल्या एखाद्या धडधाकट माणसाला वाटलं की ‘सहज म्हणून’ सगळ्या अंगाचा एमआरआय काढून घ्यावा, तर त्याच्या देशात त्याला तो विकत मिळत नाही. हौसच असेल तर त्याला सीमा ओलांडून जर्मनीत जावं लागतं, आणि काही डच लोक तसे जातातही.

यामागे कायदा आहे. लोकसंख्येच्या तपासणीबाबतचा हा डच कायदा १९९६ पासून लागू आहे. लक्षणं नसलेल्या माणसांची तपासणी क्ष-किरणांसारख्या किरणोत्सारानं होणार असेल, ती कर्करोग शोधण्यासाठी असेल, किंवा ज्यावर इलाज नाही अशा गंभीर आजारासाठी असेल, तर आरोग्यमंत्र्यांचा परवाना लागतो. परवान्याआधी देशाची आरोग्य परिषद पुरावा तपासते. आपल्या कानांना हे उलटंच वाटतं. रोग होण्याआधी गाठावा, ‘उपचाराकडून प्रतिबंधाकडे’ जावं, असं सगळे सांगत असताना तपासणीच अडवायची? मला मात्र वाटतं की प्रतिबंध म्हणजे काय, याचं बरंच उत्तर या अडवणुकीत आहे. निरोगी माणसाला तपासण्यांचं गिऱ्हाईक करणं हा उपचाराच्याच बाजारपेठेचा विस्तार आहे. कुणाला तपासायचं, कोणत्या वयात, कशासाठी, आणि काही सापडलं तर पुढे काय, ही चार उत्तरं आधी तयार असतील तरच त्याला प्रतिबंध म्हणता येईल. हा विचार डचांचा नाही. विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात तो नीट मांडला होता. डचांनी तो कायद्यात उतरवला.

यातलं गणित शाळकरी आहे. हजार धडधाकट माणसं घ्या, त्यांतल्या पाचांना एखादा दडलेला आजार आहे असं धरा, आणि शंभरात पंच्याण्णव वेळा अचूक ठरणारी चाचणी वापरा. ती त्या पाचांना बहुधा पकडेल. पण उरलेल्या ९९५ पैकी पन्नासेक निरोगी माणसांनाही ‘काहीतरी आहे’ असं सांगेल. म्हणजे धास्तावून घरी परतलेल्या पंचावन्न जणांतल्या पन्नासांना काहीच झालेलं नसेल. त्यांच्यासाठी पुढचे स्कॅन, सुया, तुकडे काढणं आणि झोप उडालेल्या रात्री ठरलेल्या. याहून अवघड पेच असतो तो खऱ्या, पण निरुपद्रवी रोगाचा. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीबरोबर थोड्याशा पैशात गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची पद्धत पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेकांची ग्रंथी काढली गेली आणि जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. ज्या गाठीनं मरेपर्यंत त्रास दिला नसता, तिच्यापायी एक निरोगी माणूस रुग्ण झाला.

मग डच लोक काय करतात? ते पत्र पाठवतात. वयाच्या ५५ ते ७५ वर्षांत दर दोन वर्षांनी घरी टपालानं एक छोटी नळी येते. तिच्यात शौचाचा नमुना घ्यायचा आणि परत टपालात टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडलं तरच मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होते. २०१४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा एक घोळ झाला, आणि तो मला फार बोलका वाटतो. अपेक्षेपेक्षा जास्त लोकांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी रांगा लागायची वेळ आली. तेव्हा काही महिन्यांतच नमुन्यातल्या हिमोग्लोबिनची मर्यादा ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅमवरून ४७ वर नेण्यात आली. ऐकताना हे पाप वाटतं, कारण काही रोगी त्यात सुटणारच. पण ज्याला आपण संशयित ठरवलं त्याला वेळेत पुढची तपासणी देता येत नसेल, तर संशय निर्माण करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा तो हिशेब होता. स्त्रियांना ३० व्या वर्षापासून गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं येतं आणि घरीच नमुना घेण्याची सोय आहे. ५० ते ७५ वयात स्तनांच्या तपासणीची फिरती गाडी असते. तंत्रज्ञ पुरत नसल्यामुळे अलीकडे त्या गाडीच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर दोन वर्षांहून लांबलं. तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये.

बेस्टच्या यंत्रांनाही या चौकटीत जागा आहे, पण ती मिळवावी लागते. ज्यांच्या स्तनांची ऊती अतिशय दाट असते त्यांची गाठ साध्या मॅमोग्राफीत लपते. अशा चाळीस हजारांवर डच स्त्रियांवर एक चाचणी घेण्यात आली. काहींना मॅमोग्राफीनंतर एमआरआयही देऊ केला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कर्करोग हजारी पाचावरून, एमआरआय देऊ केलेल्या गटात, अडीचवर आले. मात्र एमआरआय झालेल्या दर हजार स्त्रियांमागे जवळपास ऐंशी जणींना खोटा इशाराही मिळाला. एवढा चांगला पुरावा हातात आल्यावरही यंत्रं किती, चालवणारे किती, खर्च किती, यावर तिथे वाद घातला गेला. जगाला एमआरआय यंत्रं पुरवणारा देश घरच्या निरोगी स्त्रीला त्यात झोपवण्याआधी एवढी घासाघीस करतो.

आइंडहोवन, फेल्डहोवन, बेस्ट या पट्ट्यात कामानिमित्त गेलेली मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. डच आरोग्यव्यवस्थेबद्दल त्यांचा ठरलेला विनोद आहे. काहीही होवो, डॉक्टर म्हणणार, ‘पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्यानं फोन करा.’ हा डॉक्टर म्हणजे ‘हाउसआर्ट्स’, अक्षरशः घरचा डॉक्टर. प्रत्येकानं एकाकडे नाव नोंदवायचं आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जायचं नाही. एका पूर्णवेळ डॉक्टरकडे साधारण दोन हजार माणसं असतात. सक्तीच्या आरोग्यविम्यात दरवर्षी पहिले ३८५ युरो प्रौढांनी स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, पण हाउसआर्ट्सची भेट त्यातून वगळली आहे. म्हणजे दारातच पैशाची अडचण नको, अडचण हवीच असेल तर ती आतल्या दारात असावी. सर्दीला अँटिबायोटिक न मिळाल्यानं चिडलेला माणूस एक गोष्ट विसरतो. त्याच दवाखान्यातली परिचारिका मधुमेह्यांची यादी घेऊन बसलेली असते आणि कोण तीन महिन्यांत आलं नाही ते पाहून त्याला बोलावते. डच हाउसआर्ट्सच्या संघटनेनं १९८९ मध्ये उपचारांची मार्गदर्शक पत्रकं काढायला सुरुवात केली, तेव्हा पहिलं पत्रक मधुमेहावर होतं.

तक्रारीत तथ्य अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दारावर राखणदार बसवला की कधीतरी खरा गरजू बाहेर ताटकळतो. थांबा आणि पाहा या धोरणात एखादा गंभीर आजार उशिरा सापडू शकतो. भाषा नीट न येणाऱ्या परदेशी माणसाला आपलं दुखणं किती आहे हे पटवता येत नाही, हा तोटा तर ठळकच आहे. शिवाय आता कित्येक ठिकाणी नवे रुग्ण घेणारा हाउसआर्ट्सच सापडत नाही. तरीही यावरचा उपाय राखणदार वाढवणं आणि त्याला कान देऊन ऐकायला वेळ देणं हा आहे. सुट्टीत पुण्याला येऊन सत्तर चाचण्यांचं पॅकेज करून जाणं हा त्यावरचा उतारा नाही.

या पॅकेजकडे पुराव्याच्या नजरेनं पाहिलं तर फारसं हाती लागत नाही. निरोगी प्रौढांच्या सरसकट आरोग्य तपासणीवर झालेल्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेतला. अडीच लाखांच्या आसपास लोकांची माहिती त्यात होती. तपासणीला बोलावलेले आणि न बोलावलेले, या दोन गटांच्या मृत्यूंमध्ये फरक पडल्याचं दिसलं नाही. हे प्रयोग बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत आणि आपल्याकडे रक्तदाब, साखर न तपासलेली माणसं कितीतरी जास्त आहेत, हा आक्षेप रास्त आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. पण त्यासाठी रक्तदाबाचा पट्टा, साखरेची पट्टी आणि कमरेची टेप एवढं पुरतं. पॅकेजमधल्या उरलेल्या सगळ्या चाचण्या काय करतात? त्या एखादा आकडा हमखास रेषेबाहेर काढतात, आणि तो आकडा माणसाला पुढच्या खोलीत घेऊन जातो. गंमत म्हणजे आयकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधक तपासणीसाठी पाच हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. सरकारनं प्रतिबंधाला दिलेलं हे उत्तेजन कर भरणाऱ्याच्याच वाट्याला जातं. शेतमजूर बाईला त्यातलं काही मिळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रतिबंधानं खर्च वाचतो असं सर्रास म्हटलं जातं. ते सरसकट खरं नाही, आणि हे दाखवून देणारा अभ्यासही डचच आहे. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा आरोग्यखर्च मांडून पाहिला. सडपातळ, न धूम्रपान करणाऱ्या माणसाचा खर्च निघाला सुमारे २ लाख ८१ हजार युरो, स्थूल माणसाचा २ लाख ५० हजार आणि धूम्रपान करणाऱ्याचा २ लाख २० हजार. कारण उघड आहे. जो जगतो त्याला म्हातारपणाची दुखणी होतात आणि लवकर जाणारा स्वस्तात जातो. अर्थखात्याला प्रतिबंध विकताना बचतीचं आमिष दाखवणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. प्रतिबंध करायचा तो माणसं जास्त काळ आणि बरी जगावीत म्हणून. त्यासाठी पैसे पडतात. ते आपण सिमेंटच्या रस्त्यालाही घालतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रतिबंधाच्या नावाखाली आजाराचा दोष आजाऱ्याच्याच माथी मारला जातो, तू चाललास का नाहीस, तू खाल्लंस का. २०१८ मध्ये डच सरकारनं धूम्रपान, वजन आणि दारू या तिन्हींवर उद्योगांसह सगळ्यांना बसवून राष्ट्रीय करार केला. उद्दिष्टांपर्यंत पोचायला तो अपुरा आहे, विशेषतः वजनाच्या आणि दारूच्या बाबतीत, हे सरकारच्याच आरोग्यसंस्थेनं तेव्हाच सांगितलं. अर्ध्या प्रौढांचं वजन आजही जास्त आहे. ज्यानं काही साधतं ते बहुतेक वेळा उपदेशाबाहेरचं असतं. १ जुलै २०२४ पासून तिथल्या सुपरमार्केटमधून तंबाखू हद्दपार झाली, आणि सायकलचा रस्ता इतका सरळ आहे की गाडी काढण्याचा कंटाळा यावा.

‘त्यांचं ठीक आहे, श्रीमंत देश’ असं म्हणून हा विषय मिटवायची सोय मात्र महाराष्ट्रानं ठेवलेली नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंस्था यांनी तिथल्या गावांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना चार गटांत विभागलं. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, चौथ्याला नेहमीची व्यवस्था, म्हणजे जवळपास काहीच नाही. २००९ मध्ये आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले, आणि जिची चाचणी स्वच्छ आली अशी एकही स्त्री त्या काळात या रोगानं गेली नाही. चौथ्या गटाला काहीच न देण्यावर पुढे नैतिक टीका झाली. ती मला पटते. तिचा जोर कमी झाला असता, जर निष्कर्षानंतर ही चाचणी गावोगाव पोचली असती. पण दहा वर्षांनंतरच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची कुठलीही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही निघाल्या नाहीत. डचांनी मात्र २०१७ पासून आपल्या योजनेत पहिली चाचणी एचपीव्हीचीच केली.

आपल्याकडे टपालाची नळी नाही, पण आशाताई आहेत. त्यांची कल्पना उभी राहिली त्यामागे गडचिरोलीत ३९ गावांमधल्या प्रशिक्षित आरोग्यदूतींनी घरोघरी नवजात बाळं वाचवल्याचा, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अनुभवही होता. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे आता एक छापील अर्ज असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं, घरात कुणाला मधुमेह, अशा प्रश्नांना गुण द्यायचे आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी पहिल्या तिन्हींची उत्तरं या कागदावर आहेत, कुणाला, कधी आणि कशासाठी. चौथं, सापडल्यावर पुढे काय, ते उपकेंद्रात व्हिनेगरची चाचणी शिकलेली परिचारिका आहे का, रक्तदाबाची गोळी महिनाभर पुरेल एवढी आली आहे का, आणि तालुक्याच्या गावी पाठवलेली बाई तिथे पोचली की नाही हे विचारायला कुणी फोन करतं का, यावर अवलंबून आहे.